तुतेलादेवीचं दुसरं रडणं

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. तार्वेना गावाची राखणदार तुतेलादेवी महिन्याभरात दुसऱ्यांदा रडत होती, तेही रोमहून सम्राटाचा अधिकारी आलेला असताना. देवीला वेळ साधायची अक्कल मोठी.

चौथऱ्यावरच्या मूर्तीपुढे वेदीवर जाळ होता, बासरी वाजत होती. कांस्याच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"माय गुदमरलीय," पुजारी नुमिसियसने प्रार्थनेतच घुसडलं. "शेजारच्या भट्टीचा धूर तिला सोसवत नाही. भट्टी पाडावी, तिथे सम्राटांनी मोठं देऊळ बांधावं."

भट्टी ओप्पिया कुंभारणीची. नवऱ्यामागे तिने त्या भट्टीच्याच जिवावर घर ओढलं होतं. 'धूर तर रोज असतो,' ती मनात म्हणाली. 'मग ही बया फक्त याच्या पूजेलाच का रडते?'

बासरीवाला तिचा दीर रुस्तियस. तिने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं. सूर तुटला.

"वहिनी, मेलो ना मी!"

"नंतर मर. महाराज, बासरी थांबली. पूजा बाटली."

नुमिसियस गडबडला. "देवी क्षमाशील आहे, ओप्पियाबाई."

"तुमची असेल. माझ्या सासऱ्याच्या वेळी एक शब्द चुकला तर बळीचा बैल दुसरा आणायचे. काय साहेब, रोमात काय करतात?"

अधिकारी सेल्लियसला जेवणाची घाई होती, पण नियम तो नियम. "पहिल्यापासून करतात," तो उसासून म्हणाला.

"मग आधी गाभाऱ्यात जाऊन..." पुजारी पुटपुटला.

"कशाला? देवी इथेच आहे की."

सगळं पहिल्यापासून झालं. जाळ पेटला, बासरी धड वाजली, प्रार्थना संपली. देवीचे डोळे कोरडे ठणठणीत.

"माय थकली," नुमिसियस म्हणाला.

"धूर तर तोच आहे. गुदमरलेलं माणूस थकलं म्हणून गुदमरायचं थांबतं होय?" ओप्पिया चौथऱ्यावर चढली. देवीच्या डोक्यावरचा मुकुट तिने झाकणासारखा उचलला. आत पोकळ डोकं, तळाशी ओल. डोळ्यांत सुईएवढी भोकं, कडांना पाघळलेलं मेण. जाळाने मूर्ती तापली की मेण वितळायचं, पाणी गळायचं. दुसऱ्यांदा गळायला आत पाणीच उरलं नव्हतं.

सेल्लियसने स्वतः बोट घालून पाहिलं. "देवळाचा विषय इथेच संपला," तो म्हणाला. "भट्टी राहील."

शेजारीण पाउल्लाचा आवाज चिरकला. "देवीला असं उघडं पाडलंस, ओप्पिया. कोपली तर?"

"मी घडा उघडलाय, पाउल्ला. देवीवर माया असेल तर तिच्या नावाने कुणी घर पाडायला सांगितलं की विचारत जा, कशावरून? पुन्हा करून दाखव म्हण. खरं असेल ते दुसऱ्यांदाही होईल. आणि विचारल्याने जो देव रागावतो, तो गाव काय राखणार?"

पाउल्लाने मुकुटाखाली वाकून पाहिलं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि नुमिसियसकडे वळली. "महाराज, आता तुम्ही रडून दाखवा बघू."