उजव्या खिडकीतला हात

गाडी नाशकात आली आणि कॉलनीतल्या लहानथोरांनी एकच प्रश्न विचारला, "अगं बाई, स्टिअरिंगचं चाक चुकीच्या बाजूला कसं बसवलं?"

"चुकीच्या नाय, परदेशातल्यावानी डाव्या बाजूला बसवलंय," भिमाबाई सांगायची. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, पण सांगायचं सोडलं नाही. का सोडील? लेकीची गाडी होती! बुद्धविहाराच्या भिंतीशी हळदीच्या रंगाची ती गाडी उभी राहिली की भिमाबाई पदरानं तिची काच पुसायची आणि कुणी बोनेटवर कोपर टेकवला की त्याच्या अंगावर धावून जायची.

भिमाबाई मूळची फाटकवाली. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. लासलगावच्या अलीकडच्या एका फाटकावर तिनं अठरा वर्षं काढली. कांद्याचे ट्रक असोत, पुढाऱ्याची जीप असो, नाहीतर गावच्या पाटलाची गाडी असो, फाटक बंद म्हणजे बंद. पाटील एकदा म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का?" ही म्हणाली, "तुम्ही कोणबी असा, इंजनाला काय त्याचं?" अशी ही बाई. तिची मुलगी झुंबर नर्स झाली आणि जर्मनीतल्या एका इस्पितळात सात वर्षं राबली. आता नोकरी संपून आई घरी एकटी पडली म्हणून परत आली, पण रिकाम्या हातानं आली नाही.

आता झुंबरची हुशारी ऐका. जर्मनीत गाड्या काय कमी आहेत? पण ही पठ्ठी रेल्वेत बसून इटलीला गेली आणि तिथून कोरी फियाट घेतली. का, तर नाशकातला कुठलाही मिस्त्री फियाट डोळे झाकून खोलतो! नियमाप्रमाणे वर्षभर तिकडे चालवली, मग बोटीवर चढवली, मुंबईला जकात भरली, दहा खिडक्यांवर शिक्के मारून घेतले आणि घाट चढून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी द्वारका चौकातल्या वाळू मिस्त्रीनं बोनेट उघडलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, याचं इंजन आडवं हाय. आपलं उभं असतंय."

"पण फियाटच आहे ना?"

"नाव फियाट हाय हो. नाव तर माझंबी वाळू हाय, म्हणून काय पाटी भरून बांधकामावर नेताल का मला?"

झुंबर ओशाळली. भिमाबाई मात्र कडाडली, "आडवं तर आडवं! शीक की मग! जन्मभर उभंच बघणार हायेस का?" वाळू हसला आणि शिकलाही. बेट्यानं पंधरा दिवसांत ते इंजिन पाठ केलं.

म्हणजे गाडी ठीक होती. नंबर मिळाला, पुस्तकावर झुंबरचं नाव चढलं. घोडं अडलं ते लायसनवर. परदेशातलं लायसन इथं चालेना, परीक्षा द्या म्हणाले. आणि लायसन तर हवंच होतं. पेठ तालुक्यातल्या एका दवाखान्यात झुंबरला नोकरी लागली होती, पाड्यापाड्यांवर जाऊन बाळंतिणी तपासायच्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वतः गाडी चालवत येत असाल तरच एक तारखेला हजर व्हा.

परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर मैदानाच्या कडेला उभा राहिला. झुंबरनं गाडी आठच्या आकड्यासारखी फिरवली, उलटी नेली, दोन खांबांच्या मधे अलगद लावली. साहेब म्हणाला, "आता हाताचे इशारे दाखवा."

झुंबरनं डाव्या खिडकीतून हात काढला.

"उजवीकडून दिसला पाहिजे. मागच्या गाडीला कसं कळणार?"

"साहेब, दिवे आहेत ना. हे बघा, उघडझाप करतात."

"बल्ब उडाला तर?"

नापास. पुढच्या वेळी पुन्हा तेच, पुन्हा नापास. "सोमवारी शेवटची संधी," साहेब म्हणाला, "नंतर सहा महिने तोंड दाखवू नका. चाक उजवीकडे बसवून आणा, नाहीतर सरळ ड्रायव्हर ठेवा. बाईमाणसाला हवी कशाला ही उठाठेव?"

ही बातमी भिमाबाईच्या दिराच्या, कोंडाजीच्या कानावर गेली. रविवारी सकाळीच तो हजर.

"जय भीम, वैनी. मी म्हणतो, कशाला डोक्याला ताप? गाडी माझ्या दारात लावा. माझ्या गोटीरामकडं लायसन हाय. लग्नसराईत फिरवील, तुम्हालाबी कधी देवळालीला नेऊन आणील."

"कधी!" भिमाबाई म्हणाली. "माझ्या लेकीच्या गाडीत मला कधी?"

पण झुंबर खाली मान घालून बसली होती. "देऊन टाकू माय," ती हळूच म्हणाली. "मी थकले गं. तिकडे परकी म्हणून सोसलं, इकडे बाई म्हणून सोसायचं. किती भांडायचं माणसानं?"

भिमाबाईच्या काळजात चर्र झालं. ही पोरगी बर्फात उभी राहून बसची वाट बघायची, परक्या म्हाताऱ्यांची घाण काढायची, पत्रात मात्र लिहायची, माय, मी मजेत आहे. आणि इथं येऊन एका खिडकीपुढं हरायची? भिमाबाईला असा संताप आला की तिनं कोंडाजीच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आत नेला, अर्धा पिऊन झाला होता तरी.

सोमवारी ती लेकीबरोबर गेली, आणि साहेबाला काही कळायच्या आत उजवीकडच्या सीटवर मांडी ठोकून बसली.

"बाई, तुम्ही कुठं?"

"हात उजवीकडून दिसायला पायजे ना? हा घ्या हात." तिनं दंडापर्यंत हात बाहेर काढला. "चला, रस्त्यावर चला. मैदानात तर बैलबी वळतंय."

आजूबाजूची रांग खो खो हसली. साहेबाला नाही म्हणता येईना. त्याचा देह काही लहान नव्हता. पुढची सीट वाकवून तो मागं कसाबसा घुसला आणि गाडी निघाली. साहेबानं "वळा" म्हटलं की झुंबर वळायची आणि भिमाबाईचा हात सरळ बाहेर. हळू जायचं तर हात वरखाली, थांबायचं तर पंजा उभा. द्वारकेच्या चौकात तर कमालच झाली. टांगे, टेम्पो, ट्रक, सगळे त्या खिडकीबाहेरच्या हाताकडं बघून थबकले. एक रिक्षावाला ओरडला, "वाहतूक शाखेत लागलीस का गं, मावशे?"

साहेबालाही हसू फुटलं. "बरं, बरं, पास करतो. पण शेरा मारणार. उजवीकडून इशारा करणारं माणूस शेजारी असल्याशिवाय गाडी चालवायची नाही."

"चालेल साहेब!" झुंबर आनंदानं म्हणाली. "माय आहेच की."

"गाडी कडेला घे," भिमाबाई म्हणाली.

"अगं, पण..."

"घे म्हणते ना!"

गाडी थांबली. भिमाबाई खाली उतरली आणि मागच्या सीटकडं वाकून बोलू लागली. "साहेब, माझी साठी उलटली. उद्या मी मेले तर हिनं काय करायचं? माझा हात कापून खिडकीला बांधायचा? गाडी हिनं कमावली. एकटीनं कमावली, तर एकटीच चालवील. या, तुम्ही पुढं बसा. चौकाला एक फेरी मारा. हिनं तो दिवा लावल्यावर मागचा थांबला नाय तर खुशाल नापास करा. आत्ताच्या आत्ता गाडी दिराच्या दारात नेऊन लावते."

"माय, काय बोलतेस!" झुंबरचा चेहरा पांढराफटक पडला. मिळालेलं लायसन ही बाई रस्त्यावर ओवाळून टाकत होती.

साहेब पुढं येऊन बसला. गाडी निघाली.

भिमाबाई कडेला उभी राहिली. गाडी चौकाच्या टोकाला गेली, उजवीकडचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि मागून आग्रा रोडनं कांद्याचा ट्रक आला, गोणी रचलेला, भरधाव. आपण कशाला तोंड उघडलं, मेलीनं? उजवा हात आपोआप वर जायला लागला. तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. आता हात दाखवला तर ट्रक आपल्या हातामुळं थांबेल, दिव्यामुळं नव्हे. तिनं दात ओठांत रोवले आणि बघत राहिली.

ट्रकचे ब्रेक करकरले. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून एक सणसणीत शिवी हासडली, पण ट्रक थांबला. झुंबर सुळकन उजवीकडं वळली आणि लायसनच्या कचेरीच्या रस्त्याला लागली. भिमाबाई वाळूच्या दुकानापुढं फूटपाथवर जाऊन बसली.

तास झाला तरी गाडीचा पत्ता नाही. वाळू मिस्त्रीनं स्टूल दिलं, चहा दिला, "काय झालं मावशी?" म्हणून चारदा विचारलं. तिची नजर कचेरीच्या रस्त्यावरच.

मग ती हळदी गाडी आली. चाकामागं झुंबर, शेजारची सीट रिकामी, मागची रिकामी. गाडीत दुसरं चिटपाखरू नव्हतं. झुंबरनं आतूनच दार ढकललं आणि आई आत बसताच लायसन तिच्या मांडीवर टाकलं.

"शेरा?" भिमाबाईनं विचारलं.

"नाही मारला. सही करताना म्हणाला, तुमच्या आईला पुन्हा आणू नका."

दोघी इतक्या हसल्या की वाळू धावत बाहेर आला. मग झुंबरनं गाडी काढली. पहिल्याच वळणाशी भिमाबाईचा हात सवयीनं खिडकीबाहेर गेला.

"माय, हात आत घे," झुंबर म्हणाली. "मी दिवा लावलाय."

भिमाबाईनं हात आत घेतला. तोंड खिडकीकडं वळवलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"माय, रडतेस का गं?"

"समोर बघून चालव," भिमाबाई म्हणाली.