काट्यासकट

उन्हात सुकायला पसरलेली मांदेली मासळी उलटून झाली आणि नातालीनने उठायला म्हणून जमिनीला हात टेकला, तर मनगटात कट्ट झालं. पडली नाही, घसरली नाही, नुसता हात टेकला. चौपन्न वर्षांच्या कामकरी बाईचं हाड असं मोडावं हे पालीच्या कोळीवाड्यात कुणाला पटेना. शेजारणींनी नजर लागल्याचं ठरवून टाकलं. सून स्टेफनी मात्र तिला सरळ भाईंदरला डॉक्टरकडे घेऊन गेली.

प्लॅस्टर घालता घालता डॉक्टरने विचारलं, "मावशी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

नातालीन लाजली. "पाच-सा झाली आसतीन."

"त्यानंतर बाईची हाडं झिजतात. खाता काय?"

"भात आन् कोरा चाय," स्टेफनीच बोलली. "दूध तिला आवडं न्हाय. मासली नऊ वर्सा तोंडान घातली न्हाय."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "पालीत राहून? अहो, मांदेली काट्यासकट चावून खा. दूध घ्या, नाचणी खा. पुढच्या वेळी खुबा मोडला तर अंथरुणाला खिळाल."

नातालीनने मान हलवली. पण मासळी खाणं तिने वेलंकनी मायेला वाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मेल्रॉयची बोट वादळात तीन दिवस बेपत्ता होती, तेव्हाचा नवस. पोरगा परत आला. तेव्हापासून ही बाई दिवसभर मासळी सुकवायची, घरच्यांसाठी कालवण रांधायची, मीठ सुनेला चाखायला लावायची आणि स्वतः कोरा भात गिळायची.

स्टेफनीने तिला चर्चमध्ये नेलं. फादर म्हणाले, "तुझा नवस मी सोडवतो. त्याबदली रोज प्रार्थनेची एक माळ जास्त म्हण."

घरी येऊन तिने माळ म्हटली, दूधही नाक दाबून प्यायली. मासळीला मात्र हात लावेना.

"फादर बोलले ना, आये?" स्टेफनी वैतागली.

"फादर दर्यान जात न्हाय. माजा पोर जाते."

चार दिवसांनी मेल्रॉयची बोट लागली. त्याला जेवायला वाढताना स्टेफनीने सगळं सांगितलं. तो आईच्या प्लॅस्टरकडे बघत बसून राहिला. ताटातली मांदेली तशीच.

"आये, तवा आमी वादलान नवतोच. वारा बघून अर्नाळ्याला बोट लावली. थय लगीन व्हता. तीन दिस जेवलो, नाचलो."

"मंग बोलला का न्हाय?"

"घरा आलो तं तू दारान गुडग्यावर. नवस बोलून बसलेली. लाज वाटली मना. मंग रोजच वाटाय लागली."

रागवायलाही अंगात बळ लागतं, आणि नातालीन फार दमली होती. नऊ वर्षांचा कोरा भात तिला आठवला. डोळे पुसून तिने डाव्या हाताने मेल्रॉयचं ताट स्वतःकडे ओढलं.

स्टेफनी हळूच पुढे सरकली. "काटं काढून देऊ, आये?"

"नको," नातालीन म्हणाली आणि अख्खी मांदेली तोंडात टाकली. "काटंच पायजेत मना."