तांबडी वांगी

"ठेव ते. आदी खाली ठेव."

सारजाने हातातले तांबडे फळ खाली ठेवले नाही, पण तोंडालाही लावले नाही. परसातल्या मोरीपाशी ती तशीच उभी राहिली, आणि समोर तिची आई प्रयागबाई, हातात खुरपे घेऊन. लेकीला सातवा महिना होता. आधीची दोन पोरे पोटातच गेली, म्हणून या खेपेला तिला लवकरच माहेरी वडगावला आणले होते. इतके दिवस बिचारीला कशाचा म्हणून डोहाळा लागला नव्हता. आणि लागला तो नेमका याचा!

हे म्हणजे टमाटे. प्रयागबाईचा नवरा महिपती पाटाच्या कालव्यावरच्या सरकारी बंगल्यावर माळीकाम करी. तिथल्या साहेबासाठी केलेल्या रोपांतली उरलेली त्याने घरी आणून मोरीच्या सांडपाण्यावर लावली. झाडे माजली, फळांनी लगडली. गाव त्यांना तांबडी वांगी म्हणे आणि खात कोणी नसे. चिरली की मांसासारखी दिसतात म्हणे. प्रयागबाईला त्याचे काही नव्हते. तिची अडचण वेगळीच. घरात खंडोबा. आषाढी एकादशीला वांगे बंद व्हायचे ते चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच सुटायचे. आणि आता कुठे कार्तिक लागला होता.

ही वांगी नव्हेत, असे महिपतीने दहादा सांगून पाहिले. फूल पिवळे, देठाला काटा नाही. प्रयागबाई ऐकून घेई आणि पान चुरगाळून त्याच्या नाकाशी धरी. रोप तसेच, बी तसेच, अळीसुद्धा तीच पडते, मग जात वेगळी कशी? माळ्याच्या पोटी जन्मलेली बाई, तिला कोण शिकवणार!

पण डोहाळा मोडला आणि काही झाले तर? आणि देवाचा नेम मोडला आणि काही झाले तर? दोन्हीकडून घोर पोटातल्या पोराचाच. तिला एका जागी बसवेना. चुलीपुढून उठे, परसात जाई, झाडाखाली नसलेले गवत उपटी आणि परत येऊन सारजाचे तोंड बघे. सारजा काही मागत नसे. नुसती परसाकडे तोंड करून बसे, आणि प्रयागबाईला त्याचाच जास्त राग येई.

शेवटी ती खंडोबाच्या झुंबर वाघ्याकडे गेली. देवाचा माणूस, तो तरी सांगेल. झुंबरने दाढी खाजवत बराच विचार केला. देवाने हे फळ कधी बघितलेच नाही तर मनाई कशी करेल, असे आधी म्हणाला. मग म्हणाला, पण वांग्याच्या भावकीतले असेल तर आपण काही सांगू शकत नाही. प्रयागबाई तरातरा निघाली. जन्मभर भंडारा उधळून याला एवढेही सांगता येत नाही, हे वाटेत भेटेल त्याला ऐकवत आली.

घरी येऊन पायसुद्धा धुतले नाहीत. थेट परसात गेली, सगळ्यात पिकलेले फळ खुडले आणि देव्हाऱ्यापुढे ठेवून त्याला भंडारा लावला. सारजा दारात येऊन उभी राहिली.

"देवा, हिला खाऊ देती. ह्यो नेम मी मोडती, ती न्हाय. आजपासनं वांगं माझ्या तोंडाला लागायचं न्हाय, अन् हे बी न्हाय. मरंपत्तोर."

"आये, असलं बोलू नगं. तुला भरीत किती..."

"गप खा."

कोणाला वाटेल, त्यात काय एवढे! पण प्रयागबाईचा भरतावर असा जीव, की चंपाषष्ठीची वाट देवापेक्षा हीच जास्त बघते, असे महिपती तिला चिडवायचा. सारजाने फळ खाल्ले. रस हनुवटीवरून ओघळला. आई समोर बसून ते संपेपर्यंत बघत राहिली.

पोर जगले. मुलगी झाली, नाव म्हाळसा ठेवले. पुढे एकदा महिपतीने बंगल्यावरच्या खानसाम्याची साक्ष आणली, की याचा नि वांग्याचा काही संबंध नाही, आता तरी सोड. देवाला दिलेला शब्द खानसामा परत आणून देणार का, असे तिने विचारले आणि तो विषय तिथेच मिटला.

हळूहळू गावानेही टमाट्याशी जुळवून घेतले. आमटीत पडू लागले, कोशिंबिरीत पडू लागले. रोपे मागायला लोक प्रयागबाईच्याच परसात येत. चंपाषष्ठीचे भरीतही तीच करी. वांगी आरावर भाजी, मीठ अंदाजाने टाकी, आणि पाने वाढून स्वतः चटणी-भाकर घेऊन बसे. वाईट वाटे, वाटत नव्हते असे नाही. भाजल्या वांग्याचा वास घरभर सुटला की ती उगीच परसात एक फेरी मारून येई.

अशाच एका चंपाषष्ठीला म्हाळसा तिच्या मागोमाग परसात आली. चांगली बोलती-चालती झाली होती. झाडावरचे टमाटे तोडून तिने अर्धे खाल्ले आणि उरलेले आजीच्या तोंडाशी नेले. प्रयागबाईने मान मागे घेतली. पदराने पोरीची हनुवटी पुसली.

"कसं लागतं गं?"

"आंबट. अन् जरा गोड." म्हाळसा तिच्याकडे बघत राहिली. "तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"न्हाय बा," प्रयागबाई म्हणाली, आणि पाने बाजूला सारून तिच्यासाठी आणखी पिकलेले शोधू लागली.