माझ्या छातीवरचे हात

मित्रांनो, परिचारिकांच्या शाळेतला मी एक जुना रबरी पुतळा. बंद पडलेलं हृदय बाहेरून दाबून कसं चालू ठेवायचं, हे शिकवण्यासाठी कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या छातीत स्प्रिंग आहे. दाब हवा तेवढा खोल गेला की 'टक्' असा आवाज येतो. पाय मात्र मला दिलेलेच नाहीत, त्यामुळे तास बुडवून पळायची सोय नाही!

सुरुवातीची वर्षं ऐटीत गेली, पण रिकामी. सर माझ्यावर एकदा करून दाखवत, मुली "समजलं, सर" म्हणून माना डोलावत आणि मी पुन्हा पेटीत. परीक्षेच्या दिवशी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक नव्या बाई आल्या. माणसाचं मन कसं शिकतं आणि कसं विसरतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांनी आधी भिंतीवरचा बारीक अक्षरांचा भलामोठा तक्ता उतरवला. "एका दमात एवढं कुणाच्याच डोक्यात मावत नाही," म्हणाल्या. थोडंसं दाखवत आणि लगेच करायला लावत. मग काही दिवस जाऊ देत. मुली विसरू लागल्या की अचानक म्हणत, "पुस्तक बंद. करून दाखवा."

त्या वर्गात एक काकू होत्या. मुलं मोठी झाल्यावर त्या शिकायला आल्या होत्या. पाठांतर चोख, पण माझ्यासमोर आल्या की पाचावर धारण बसायची. चाचणीत त्यांना एकही 'टक्' काढता आला नाही.

"बाई, काल येत होतं हो मला!" त्या रडवेल्या झाल्या.

"काल वाचलेलं ओळखीचं वाटत होतं, काकू. ओळखीचं वाटणं निराळं, येणं निराळं. आठवताना जो जोर लागतो ना, त्यानंच ते पक्कं होतं. चुका, पण इथे चुका."

प्राचार्यांना हे पटेना. "मुली रडकुंडीला आल्यात. जुन्या पद्धतीनं शिकवा. आणि काकूंना आता घरी पाठवा."

"परीक्षेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "त्यांना जमलं नाही, तर त्यांच्याबरोबर मीही जाते."

काकूंनी ते ऐकलं आणि त्या हट्टाला पेटल्या. बाई मला कधी जमिनीवर ठेवत, कधी कोपऱ्यात अडचणीत. कधी स्वतःच रुग्णाची बहीण होऊन आरडाओरडा करत. काकू चुकत, घाम पुसत, पुन्हा बसत. हळूहळू टक् टक् असा एकसारखा ठेका येऊ लागला. मी तर खूश!

परीक्षा जवळ आली होती. सामान घेऊन येणाऱ्या गाडीचे ड्रायव्हरदादा खोके ठेवता ठेवता माझ्या टेबलाशीच कोसळले. मुली थिजल्या. काकूंनी मात्र दादांना हाक मारली, हलवून पाहिलं, श्वास पाहिला. तो चालत नव्हता.

"तू डॉक्टरांना बोलाव! तू ते खोके सरकव!" म्हणत त्या गुडघ्यांवर बसल्या आणि छाती दाबू लागल्या. दादांच्या छातीत 'टक्' वाजत नाही, मित्रांनो. पण काकूंच्या हातांना आता त्याची गरज नव्हती. दमल्या तेव्हा एका मुलीला त्यांनी शेजारी बसवलं, "माझ्याच ठेक्यात आता तू दाब" म्हणून. डॉक्टर स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत हात थांबले नाहीत.

दादा वाचले. काही आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी आले आणि मला न्याहाळून म्हणाले, "म्हणजे माझ्या आधी यानं मार खाल्लाय तर!" सगळे हसले. प्राचार्यही हसले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी सगळेच वर्ग तुमच्या पद्धतीनं घ्या." लोकांचा ऊर अभिमानानं भरून येतो म्हणतात. माझ्या उरात नुसती स्प्रिंग, तरी तो भरून आला!

काकू परीक्षा पास झाल्या. आज त्या इथेच शिकवतात. आता माझं रबर चिरलं आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे. परवा माझ्या शेजारी नवा महागडा पुतळा आला. प्राचार्यांनी त्याचं प्लॅस्टिकही काढू दिलं नाही. वर पाटी लावली, 'हात लावू नये'.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला पुसा, दुरुस्त करा, पण झाकून ठेवू नका. आम्ही झिजलो तरच तुमचे हात तयार होतील.

आज सकाळी काकू वर्गात आल्या. त्यांनी पाटी वाचली, कात्री मागवली आणि प्लॅस्टिक टराटरा कापत म्हणाल्या, "चला गं, कोण आधी चुकतंय?"