दगड म्हणू नका

समुद्रात पाण्याखाली नेणाऱ्या त्या दुकानाच्या भिंतीवर पन्नासेक फोटो होते आणि सगळे एकाच छापाचे. पाहुणा प्रवाळावर उभा, अंगठा वर, मागे मासे. दुकान दादाचं. पाहुण्यांना पाण्यात नेई त्याची धाकटी बहीण, जिला अख्खा किनारा ताई म्हणे. दादा रोज सकाळी पाहुण्यांना सांगे, "तीनच पुरुष पाणी आहे, घाबरायचं काय त्यात? दमलात तर दगडावर उभं राहायचं."

"दादा, दगड नाही तो. जिवंत आहे," ताई म्हणे.

"पाहुण्यांना दगडच. उगाच शाळा घेऊ नकोस."

नऊ वर्षं ताईने मूग गिळले. आपणही आपापल्या कचेरीत तेच गिळतो, तेव्हा तिला नावं ठेवायला नकोत.

त्या दिवशी एका कंपनीचे बडे साहेब आले. ताईने नेहमीप्रमाणे खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. साहेबांनी मान डोलावली आणि पाण्यात उतरताच थेट फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर पाय रोवले. काड्कन आवाज झाला! हातभर फांदी खाली पडली. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत अंगठा वर केला.

आणि ताईचं डोकं फिरलं. तिने एका हाताने ती फांदी उचलली, दुसऱ्याने साहेबांच्या पाठीवरच्या टाकीचा पट्टा धरला आणि त्यांना हळूहळू, अगदी नियमाप्रमाणे, वर आणलं.

"अहो, फोटोसाठी केला होता अंगठा!" बोटीत चढता चढता साहेब ओरडले.

"पाण्यात त्याचा एकच अर्थ, साहेब. सकाळी शिकवला होता," ताई म्हणाली आणि फांदी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवली.

सुकाणूवरचा दादा लालबुंद झाला. "माफी माग त्यांची. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही मागणार. काढून टाक मला. पण आधी चष्मा लाव आणि या बादलीत बघ. वीस वर्षं याच्यावर पोट भरतोस, एकदा तोंड तरी बघ त्याचं!"

दादा चडफडत वाकला. बराच वेळ काहीच दिसेना. मग फांदीवरच्या तिळाएवढ्या भोकांतून केसासारखे बारीक हात बाहेर आले. एक, चार, मग कितीतरी. ताईने बादलीला धक्का दिला, तसे सगळे झटकन आत गेले.

"घाबरले की काय गं?" दादा पुटपुटला.

"मग? तू पाय देणार नाहीस कशावरून? अशा हजारो जिवांनी मिळून बांधलेलं घर आहे हे. मासे इथेच वाढतात, लाटाही इथेच अडतात. हे मोडलं की आपला किनारा उघडा पडला. तुझं दुकान कुठे टिकणार?"

 आपण रोज सकाळी कोणता शब्द शिकवत आलो, ते आठवून दादाची मान खाली गेली.

साहेबांना मात्र मिरच्या झोंबल्या होत्या. "मी सगळीकडे लिहीन! एकच तारा देईन तुमच्या दुकानाला!"

ताई काही बोलणार, तोच दादा उठून उभा राहिला.

"द्या की! आणि कारणही लिहा, साहेब. लिहा, की इथे जिवंत प्राण्यांवर उभं राहू देत नाहीत. माझी बहीण उभं राहू देत नाही आणि आजपासून मीही देणार नाही!"

मंडळी, ज्याला तुडवायचं असतं त्याला आपण आधी दगड म्हणतो. मग ते प्रवाळ असो, झाड असो की माणूस. असं कुणी म्हणू लागलं, तर तिथेच त्याला अडवा. नोकरी जाईल, असं वाटलं तरी अडवा!