झाकणावरच्या चार रेघा

मित्रांनो, मी लाकडाची पेटी आहे. जुनी आहे, पण मला 'बिचारी' म्हणू नका. माझा एक कोपरा फुटला आहे, कडी दोनदा बदलली आहे आणि डाव्या अंगाला उंदराने कुरतडल्याची खूण आहे. तरीही बंद व्हायचे तेव्हा मी नीट बंद होते, आणि उघडायचे नसेल तेव्हा उघडत नाही. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

केटा या आमच्या समुद्रकाठच्या गावात, बाजारामागे एत्से सुताराची शेड आहे. तिथे वावा नावाच्या हलक्या लाकडापासून मला घडवले. लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची सव्वा सव्वा फूट. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात एत्से अशा वीस-बावीस पेट्या करत असे, कारण आमच्याकडे वसतिगृहात जाणारे प्रत्येक मूल कपड्यांची एक पेटी नेते आणि खाण्याची दुसरी. मी खाण्याची. माझ्यात गारी असे, म्हणजे कसावा किसून, आंबवून, भाजून केलेला रवा. शितोची बाटली असे. सुकी मासळी आणि मिरची परतून केलेली ती काळी चटणी एकदा सांडली की तिचा वास लाकडातून वर्षभर जात नाही. शिवाय शेंगदाणे, साखर, दूधपूड. वसतिगृहात कपड्यांची पेटी कोणी चोरत नाही. माझ्यावर मात्र रोज डोळा असे. मला एकदाही कोणी फोडू शकले नाही. ही बढाई नाही, नोंद आहे.

माझा पहिला मालक एलिकेम. शाळेची तीन वर्षे मी त्याच्या खाटेखाली काढली. मग तो विद्यापीठात गेला, फ्रेंच शिकू लागला, आणि दुसऱ्या वर्षाच्या मोठ्या सुट्टीत भाषा पक्की करायला आठ आठवडे परदेशी निघाला. परदेश म्हणजे टोगो. आमच्या केटाहून टोगोची राजधानी लोमे आमच्या स्वतःच्या राजधानीपेक्षा जवळ आहे. तिथे फ्रेंच चालते. तिथे एलिकेमची तासी, म्हणजे आत्या, अफिवाही राहते. राहायला घर आहे, जेवायला ताट आहे, मग अजून काय हवे, असे सगळ्यांना वाटले.

चूक इथेच झाली, आणि ती आमच्या एव्हे लोकांखेरीज दुसरे कोणी करूच शकत नाही. सरहद्दीची रेघ आमच्या माणसांच्या मधून गेली आहे. अलीकडे एव्हे, पलीकडेही एव्हे. सकाळी तासी अंगण झाडता झाडता विचारायची: रात्र कशी गेली? केटाला सगळे बरे आहेत ना? पापाचे गुडघे? समुद्र शांत आहे का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, मग उलट तितकेच प्रश्न विचारायचे. आमच्यात वडीलधारे माणूस ज्या भाषेत विचारते त्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या भाषेत उत्तर देणे म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बसणे. एलिकेमने दुसऱ्याच दिवशी धीर करून फ्रेंचमध्ये उत्तर दिले. तासीने खराटा खाली ठेवला.

"मी तुला एव्हेत विचारलं ना रे? का माझं तोंड आवडलं नाही तुला?"

त्यानंतर त्याने घरात प्रयत्न केला नाही. सकाळी तीन तास वर्ग. बाकी एकवीस तास तासी, तिच्या शेजारणी, मक्याच्या पिठाच्या आक्प्लेचे गरम गोळे आणि भेंडीचे कालवण. त्याच्याबरोबर आलेली मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. तासी मला दर शनिवारी तेलाच्या फडक्याने पुसायची. इतके माझे कोणी कधी केले नाही. म्हणूनच सांगते, मी तासीची वैरी नाही.

एलिकेमने माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले: 'लोमे. फ्रेंच बोललेले दिवस.' वर्गातले बोलणे धरायचे नव्हते; बाहेर बोलला त्या दिवसाची खाली एक रेघ, आणि पुढे कोणाशी ते. दिवस छप्पन्न. रेघा चार. परतायच्या आदल्या दिवशी त्याने कसाव्याची खळ केली आणि चर्चच्या कॅलेंडरचे एक पान त्या रेघांवर चिकटवून टाकले. सप्टेंबरच्या तोंडी परीक्षेत तो नापास झाला. घरी त्याने वेगळेच काही सांगितले, फ्रेंच सोडले आणि भूगोल घेतला. आज तो भूगोलाचा चांगला शिक्षक आहे.

मला पडवीत टाकले. एलिकेमच्या पापांची कांद्याची शेती आहे. आमच्याकडचे कांदे बोटाच्या पेराएवढे असतात. सहा वर्षे माझ्यात बियाण्याचे कांदे राहिले. रडायचे असते तर रडण्याची सोय भरपूर होती. मी रडले नाही. मी त्या पानामागच्या चार रेघा सांभाळत राहिले.

मग एलिकेमची धाकटी बहीण यायरा विद्यापीठात गेली आणि तिने मला झाडूनपुसून बरोबर नेले. तिनेही फ्रेंच घेतले. खोलीत ती मोठ्याने वाचायची तेव्हा शब्द न् शब्द स्वच्छ असे. पण कोणी समोर येऊन फ्रेंचमध्ये साधा प्रश्न विचारला की तिचा घसा बंद. तिच्या शिक्षिका मादाम आसामानी यांनी तिला स्पष्ट सांगितले होते की सप्टेंबरच्या तोंडी परीक्षेत बोलता आले नाही तर फ्रेंच सोडावे लागेल. सुट्टीतल्या वर्गासाठी फ्रेंच चालणारे दोन देश होते, टोगो आणि त्याच्या पलीकडचा बेनिन. अर्जावर दोन चौकोन, एकात खूण करायची. अर्ज सोमवारी द्यायचा होता. रविवारी केटाच्या घरी, चर्चनंतर, तो कोराच माझ्या झाकणावर पडला होता, आणि अंगणात तासी अफिवा लोमेहून दहा लांब पाव घेऊन हजर झाली होती.

"खूण कर आणि चल," ती म्हणाली. "तुझी खाट झटकून ठेवली आहे. पेटीसुद्धा तीच! अगं, ही माझी लाडकी. आण इकडे, आत्ताच गारी भरू."

"तासी, मी अजून ठरवलं नाही," यायरा म्हणाली.

"ठरवायचं काय त्यात? एकीकडे आत्या आहे, दुसरीकडे बेनिन. तिथं कोण आहे तुझं?"

पापा कांद्याच्या जुड्या बांधत होते. "तासी बरोबर बोलते. ताप आला तर उशाशी कोण बसणार? एलिकेम जाऊन आलाच की. काय रे?"

एलिकेम पावाचे टोक चावत होता. "हं," तो म्हणाला. आणि मग एकदम, "ही पेटी नको पण. कुजली आहे. मी नवी पिशवी आणतो."

कुजली आहे! मित्रांनो, मी सहा वर्षांहून जास्त त्याचे गुपित पोटात ठेवले होते, आणि हा मला कुजकी म्हणाला.

दमट हवेत लाकूड पाणी शोषून फुगते, हे शास्त्र आहे. केटाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, आणि जून महिना. झाकण अडकले तर नवल नाही. पण त्या दिवशी मी जरा जास्तच अडकले. ती माझी मर्जी होती. तुम्ही हवे तर ओलावा म्हणा.

"उघडत का नाही ही?" तासीने कडी ओढली. "एलिकेम, हात लाव."

"राहू दे ना, तासी."

तासी ऐकणारी नव्हे. तिने पाय रोवले आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. मी उघडले. ओलाव्याने सैल झालेली खळ सुटली आणि कॅलेंडरचे पान वरून लोंबू लागले.

"हे काय? कोंबड्या मोजल्या की काय कोणी?" तासी म्हणाली.

यायरा वाकली आणि मोठ्याने वाचू लागली. "लोमे. फ्रेंच बोललेले दिवस. एक, पाववाली. दोन, शिंपी. तीन, पोलीस. चार, पुन्हा पाववाली." तिने मान वर केली. "फो, छप्पन्न दिवसांत चार?" फो म्हणजे दादा.

"तीनच," एलिकेम म्हणाला. "पोलिसाला मी नुसतं हो-हो केलं."

पापांच्या हातातली जुडी खाली आली. "तू तर म्हणालास, परीक्षकांशी तुझं जमलं नाही."

"ते खरंच होतं, पापा. ते फ्रेंच बोलत होते."

कोणी हसले नाही. तासीने डोक्याचे फडके सोडून पुन्हा बांधले, रागावली की ती तसे करते. "म्हणजे खोट माझ्या घरात? मी उपाशी ठेवलं का तुला?"

"ठेवलं असतंस तर बाजारात जाऊन मागितलं असतं, तासी. फ्रेंचमध्ये."

आता यायरा उभी राहिली. या वेळी तिचा घसा बंद पडला नाही.

"तासी, तुझ्या घरी मी आठ आठवडे सुखात राहीन आणि सप्टेंबरात नापास होईन. तू सकाळी विचारशील रात्र कशी गेली, आणि मी एव्हेत सांगेन, कारण तुला दुसऱ्या भाषेत उत्तर द्यायला माझी जीभच वळणार नाही. बेनिनमध्ये माझं कोण आहे विचारतेस? कोणी नाही. म्हणूनच जायचं आहे. तिथं पाणी हवं असलं तरी मला फ्रेंचमध्येच मागावं लागेल."

"आणि ताप आला तर?" पापा.

"तर फ्रेंचमध्ये कण्हीन."

तिने झाकण लावले, अर्ज माझ्यावर ठेवला आणि बेनिनच्या चौकोनात खूण केली. इतकी जोरात की पेनचे टोक कागदातून माझ्यात रुतले. ती खूण अजून आहे.

पापांनी झाकण पुन्हा उघडले. मग त्यांनी दोन मोठ्या जुड्या उचलल्या आणि माझ्यात ठेवल्या. बोलली ती तासीच.

"बेनिनची गाडी माझ्याच दारावरून जाते. उतरून पाणी तरी पिशील ना? वाटसरूला पाणी न देता मी कधी कोणाला जाऊ दिलं नाही."

"पाणी प्यायले की बसावं लागेल," यायरा म्हणाली. "बसले की तू ख्यालीखुशाली विचारशील, मग ताट येईल, मग खाट. नाही उतरणार, तासी."

तासी पाव तसेच टाकून निघून गेली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी आम्ही निघालो. सरहद्दीवर एलिकेमने मला स्वतःच्या डोक्यावर घेतले. हमाल मागे लागले होते, पण त्याने कोणाला हात लावू दिला नाही. पलीकडच्या शिपायाने यायराचे कागद पाहून एव्हेत विचारले, कुठली गं तू? तिने फ्रेंचमध्ये उत्तर दिले. अडखळत, पण दिले.

"अरे वा! आपल्याच कांद्यांचा वास येतोय पेटीला, आणि जीभ बघा साहेबाची!" शिपाई म्हणाला. रांगेतले सगळे हसले. यायराचे कान तापले. तिने तेच वाक्य पुन्हा, जास्त मोठ्याने म्हटले. शिपायाने शिक्का मारला.

एलिकेमने मला गाडीच्या टपावर बांधले आणि तो मागे फिरला. टपावरून मला लोमे दिसत होते, समुद्राच्या कडेचा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्याच्या कडेला निळे फडके बांधून उभी असलेली तासी अफिवा. रस्त्यावर गर्दी होती. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. यायराने खिडकीतून पाहिले. ती उतरली नाही.

तासी गाडीबरोबर चालू लागली. तिने पाण्याने भरलेली एक प्लास्टिकची पिशवी खिडकीतून आत दिली. पिशवीतले पाणी प्यायला बसावे लागत नाही. आणि मग ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "सुखानं जा, पोरी. नीट बोल. परत येताना मात्र उतर, नाहीतर बघ!"

छप्पन्न दिवस तिच्या दाराशी राहून मी तिच्या तोंडून फ्रेंचचा एक शब्द ऐकला नव्हता. बाजारातले, कडेकडेने तुटलेले फ्रेंच. तीन वाक्यांत दोन चुका होत्या, मी मोजल्या. वडीलधारे माणूस ज्या भाषेत विचारते त्या भाषेत उत्तर द्यायचे असते. यायराने मान बाहेर काढली आणि फ्रेंचमध्ये ओरडली, "उतरेन, तासी! ताट तयार ठेव!"

बेनिनमधल्या पोर्तो-नोवोत मला कोणी तेलाने पुसले नाही. मी एका परक्या घराच्या जिन्याखाली होते आणि वरून मुलांच्या पायांची धूळ गळायची. यायरा पहिले नऊ दिवस रडली, मला टेकून. पण रेघा मारत राहिली, एलिकेमच्या चार रेघांच्या खाली. छप्पन्न दिवसांत एक्कावन्न. उरलेल्या पाच दिवसांत ताप होता. तेव्हाही ती कण्हली असेलच, पण तिने ते धरले नाही. सप्टेंबरात मादाम आसामानींनी तिला बावीस मिनिटे बोलायला लावले. ती पास झाली.

आता सुट्टीत घरी आले की पापा म्हणतात, पेटी रंगवून घेऊ, आतून नवा कागद लावू. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे, आणि मी हात जोडून मागत नाही. कोपरा दुरुस्त करा. कडी बदला. कांदे भरा, शितो सांडा, टपावर बांधा. पण झाकणाच्या आत कागद लावू नका. त्या एक्कावन्न रेघा आहेत तशा दिसू द्या, आणि त्यांच्या वरच्या चारही. एकदा त्या चार झाकल्या होत्या, तर दुसरे मूल त्याच वाटेने निघाले होते. पुन्हा कोणी खळ घेऊन आले, तर जून महिना येतोच आहे, आणि मला फुगता येते.