एका परातीतला पाक

मी एक जुनी मधपेटी हाय, मित्रांनो. दौलताबादला सांडूभाऊंच्या परसात, शेवग्याखाली उभी हाय. झाकण उचलू नका, नुसता कान लावा. काय ऐकू येतं? कायच नाय ना? तेच तर सांगायचंय.

मला मोतीराम सुतारानं बनवलं, एका मोडक्या दाराच्या सागवानातून. सांडूभाऊ आणि त्यांची बायको लीलाबाई त्याच्याकडं आले, तेव्हा मी अजून दारच होते, भिंतीला टेकलेलं. मोतीराम म्हणला, "माशी कोणती? आधी माशी सांगा, मग माप. बारक्या माशीला बारकी पेटी, मोठीला मोठी."

"जास्त मध देती ती," सांडूभाऊ म्हणले.

"म्हणजे इटालियन." लीलाबाई शहरात जाऊन माश्या पाळायचं शिकून आल्या होत्या. "ती मध लई देती, पण तिला खायला पण लई लागतं. इथली फुलं संपली की पेट्या टेम्पोत घालून सूर्यफुलाच्या रानात न्याव्या लागत्यात. टेम्पो हाय का तुमच्याकडं?"

"मग किल्ल्यावरची आग्या आणू. फुकट हाय."

"आणा की. पण तिला विचारा आधी, पेटीत बसती का. आन जाताना चपला हातात घ्या, पळायला बरं."

मोतीराम रंधा टाकून हसायला लागला.

"बरं, ती बोरीवर बसती ती बारकी? फुलोरी?"

"तिला अंधार खपत नाय. झुडपावर एकच पोळं लावती. कोंडली की चालली."

"मग ऱ्हायलं कोण?"

"सातेरी. आपल्या इथलीच. अंधारात एकाला लागून एक पोळी लावती. मध कमी देती, पण परसातल्या शेवग्यावर, तुळशीवर भागवती. लई गरीब माशी हाय."

"गरीब कशाला? घरात आपण गरीब काय कमी हाव?"

"अहो, गाय गरीब असती तशी गरीब! मारत नाय. पण मानी हाय. घरात छळ झाला तर भांडत बसत नाय, घर सोडती."

अशी मी सातेरीच्या मापाची झाले.

माश्या विकत आणाव्या लागल्या नाय. घराच्या मीटरच्या खोक्यातच सातेरी बसली होती. लाईनमन धूर करून हाकलायला निघाला, तर लीलाबाई आडव्या झाल्या. त्यांनी पोळी हळूच कापली, माझ्या चौकटींना दोऱ्यानं बांधली, राणीला ओंजळीत धरून आत सोडली. मग बाकीच्या आपोआप मागं आल्या. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा गुणगुणले. लाकडाला आवाज नसतो, पण माझ्यात होता.

मग लई चांगले दिवस गेले. कोणाच्या लेकराला खोकला झाला की बाया वाटी घेऊन यायच्या, म्हणायच्या, "लीलाच्या माश्यांचा मध द्या." कोणी मला पेटी म्हणत नव्हतं, लीलाचं मोहोळ म्हणायचे.

मुंग्या चढू नये म्हणून लीलाबाई माझ्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या भरून ठेवायच्या. वैशाखात फुलं संपायची. तेव्हा दिवस मावळला, सगळ्या माश्या आत आल्या, की लीलाबाई साखरेच्या पाकाची वाटी माझ्या झाकणाखाली ठेवायच्या. माश्या बुडू नये म्हणून त्यात काड्या टाकायच्या. बाहेर थेंब सांडला तर ओल्या फडक्यानं पुसायच्या. सांडूभाऊ रोज बघायचे, पण का ते त्यांनी कधी विचारलं नाय. बायकोचं सोवळं असंल, असं त्यांना वाटायचं.

मग लीलाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात चालत गेल्या आणि परत आल्या नाय.

सांडूभाऊंनी लोकांशी बोलायचं सोडलं. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर दगडावर बसायचे. माश्या बाहेर पडायला लागल्या की म्हणायचे, "लीले, निघाल्या बघ तुझ्या." त्यांचा पोरगा कृष्णा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. त्याला ते एकदा म्हणले, "ह्या हायेत तवर ती घरात हाय."

कृष्णाला बापाची काळजी. पोरगा चांगला, पण विचारायची सवय नाय. एका वैशाखात तो मोटारसायकलला बांधून एक मोठी पेटी घेऊन आला. इटालियन. माझ्या शेजारीच मांडली.

"अण्णा, मध पण येईल, तुमचा वेळ पण जाईल."

"तुझ्या आईच्या माश्यांशी पटंल का हिचं?"

"न पटायला काय झालं? जावा-जावा म्हणून ऱ्हातील!"

तो हसत बोलला, पण सांडूभाऊंनी ते मनावर घेतलं. आमच्या इथं घरात नवी सून आली की दोघी जावांना एका ताटात जेवायला बसवत्यात. एका ताटात जेवलं की मन जुळतं म्हणत्यात. सांडूभाऊंनी लग्नातली पितळी परात घासली, पाकानं भरली आणि भर सकाळच्या उन्हात दोन्ही पेट्यांच्या मधी ठेवली.

"खा गं बायांनो," ते म्हणले. "मिळून खा."

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण मी लाकूड.

आधी माझ्या माश्या आल्या, मग इटालियन. रानात फूल नाय, सगळ्या भुकेल्या. परात बघता बघता चाटून साफ झाली. मग इटालियनला वास लागला, की असंच गोड माझ्या पोटात पण हाय. त्या माझ्या दारात शिरल्या. माझ्या राखणदारणी अंगानं अर्ध्या. एकेकीला दोघी-तिघी इटालियन धरून बाहेर फेकत होत्या. आत त्यांनी पोळी फाडली, मेणाचा भुगा माझ्या तळाला पडला. सांडूभाऊ टावेल फिरवत होते, रडत होते, "अगं, जावा-जावा ना तुम्ही!" कृष्णा ओल्या चिखलानं माझं दार बारीक करत होता. पण तवर आतलं लुटून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि माझ्या माश्या निघाल्या. उरलेल्या सगळ्या, राणीसकट. शेवग्याभवती एकदा फिरल्या, ढगासारख्या वर उठल्या आणि किल्ल्याकडं गेल्या.

सांडूभाऊ अनवाणी मागं पळाले, पार कुंपणापर्यंत. "लीले, थांब गं! चुकलं माझं!"

कृष्णानं त्यांना धरून आणलं. "अण्णा, दुसरी सातेरी आणू."

"माश्या मिळत्यात रे," ते म्हणले, आणि माझ्यासमोर दगडावर जाऊन बसले.

इटालियनची पेटी कृष्णा परत देऊन आला. मला तिचा राग नाय. भुकेली होती, तिनं तिच्या सोभावानं केलं. सांडूभाऊंचा पण राग येत नाय. त्यांनी तर जेवू घातलं होतं.

म्हणून सांगते मित्रांनो, परसात माशी आणायची तर आणा. पण ती किती मध देती एवढंच विचारू नका. तिला काय लागतं, शेजारी कोण चालतं, कशानं ती घर सोडती, ते पण विचारा. आणि घरात कोणी माणूस एखादी गोष्ट रोज गुपचूप करत असंल, तर ते हाय तवर त्याला विचारा, का करतंय म्हणून.

आता रोज दिवस मावळला की सांडूभाऊ येत्यात. माझं झाकण उचलत्यात, पाकाची वाटी आत ठेवत्यात, काड्या टाकून. सांडलेला थेंब ओल्या फडक्यानं पुसत्यात. म्हणत्यात, "लीले, आज आत ठेवलाय बघ."

सकाळी वाटी तशीच असती. मुंगी सुद्धा येत नाय. कारण माझ्या पायाखालच्या पाण्याच्या वाट्या, लीलाबाई भरायच्या तशा, ते अजून भरून ठेवत्यात.